चौथी यादी

मंगळवार, ४ मार्च

धाकटे,

'सप्रेम' लिहिलं तर तू पुढे वाचणार नाहीस, आणि 'अनेक आशीर्वाद' लिहिण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. गेल्या गुरुवारी सरावात तुझ्या नवऱ्याच्या डोक्याला पुन्हा लागलं.

कॉर्नरवरून आलेल्या चेंडूसाठी तो आणि गोलकीपर एकदमच उडाले. चेंडू दोघांनाही मिळाला नाही. गोलकीपरच्या हनुवटीला तीन टाके पडले. तुझा नवरा उठला, कपडे झटकले आणि चुकीच्या गोलकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला बाहेर काढलं आणि कागदावर तशी नोंद केली. आता तो घरी आहे, हिंडतो-फिरतो, जेवतो. मी रोज सकाळी जाऊन बघून येते. पडदे लावून बसायला सांगितलंय, तर पडदे लावून टीव्ही बघतो.

पत्र लिहायचं कारण तुला माहीत आहे. तुझा फोन बंद, आणि आईकडे केला तर ती म्हणते, "अगं, ती आंघोळीला गेलीये." गेल्या आठवड्यात तू अकरा वेळा आंघोळ केलीस. आईला या वयात खोटं बोलायला लावतेसच आहेस, तर चार-पाच कारणं तरी शिकवून ठेव. ती बिचारी एकाच कारणावर दिवस काढतेय.

तू घर सोडून गेलीस ते जानेवारीतल्या सामन्यावरून, हे मला मान्य आहे. पण तू गाडीतळावर सगळ्यांसमोर मला जे विचारलंस, 'तू डॉक्टर आहेस की क्लबचा शिक्का?', ते मला मान्य नाही. नऊ वर्षं मी या क्लबची डॉक्टर आहे. त्या दिवशी त्याचं डोकं प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आपटलं. मी धावत मैदानात गेले. लीगच्या नियमाप्रमाणे तीन मिनिटांत करायची तपासणी तीन मिनिटांत केली. तोल बघितला, डोळे बघितले, आज वार कोणता ते विचारलं, पाच शब्द वाचून दाखवले आणि परत म्हणायला लावले. त्यानं पाचच्या पाच सांगितले. मग मी त्याला आत सोडलं. सामन्यानंतर त्याला स्वतःची गाडी सापडली नाही, तो दुसऱ्याच्या गाडीला किल्ली दाखवत उभा राहिला आणि घरी जाताना तुझ्या मांडीवर ओकला, हे सगळं नंतरचं. नंतरचं मला मैदानात कसं दिसणार?

नियमात राहून मी जे केलं ते दुसऱ्या कुणीही केलं असतं. एवढंच सांगायचं होतं.

ताई

रविवार, ९ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. आईनं पत्र पोचल्याचं सांगितलं आणि तू ते दोनदा वाचलंस हेही सांगितलं, म्हणजे तिच्यातला हेर अजून जिवंत आहे.

काल लीगनं सगळ्या क्लबच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. 'डोकं आधी' या मोहिमेची कार्यशाळा. मागे भिंतभर फलक, त्यावर एक हसरं डोकं, आणि खाली प्रायोजकाचं नाव: डोकेदुखीच्या गोळ्या बनवणारी कंपनी. मी लीगच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारलं, की सुतारांच्या सुरक्षेसाठी तुम्ही बोटं शिवायचा दोरा विकणाऱ्यांना प्रायोजक म्हणून धरलं असतंत का. ते म्हणाले, मॅडम, तुमचा विनोद नेहमीच ताजा असतो. त्यांचं इस्त्री केलेलं हसू तू बघितलं असशील, बक्षीस समारंभात ते तुझ्या शेजारीच बसले होते.

मग आकडे झाले. या मोसमात लीगमध्ये डोक्याला लागल्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या म्हणून टाळ्या झाल्या. नोंदी निम्म्यावर आल्या, हे खरंच आहे. डोकी तेवढीच आपटतात. शेजारच्या क्लबचे डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "आम्ही तर यंदा मान आखडल्याच्या बऱ्याच लिहिल्या." आणि चहा घ्यायला उठले. तपासणी चालू असताना तात्पुरता बदली खेळाडू द्यावा, ही आमची जुनी मागणी. त्यावर समिती नेमली आहे, समितीनं उपसमिती नेमली आहे, आणि उपसमितीला अजून खोली मिळालेली नाही. तोवर डॉक्टर तपासत असतो आणि संघ दहा जणांनी खेळत असतो. मॅनेजर रेषेवर उभा राहून डॉक्टरच्या पाठीकडे बघतो. नऊ वर्षांत माझ्या पाठीला डोळे फुटलेत.

आता कामाचं. लीगचा एक नियम आहे, तो तुला माहीत असावा म्हणून लिहिते. एका मोसमात मेंदूला तीनदा हादरा बसल्याची नोंद झाली, तर पुढचा निर्णय क्लबच्या डॉक्टरच्या हातात राहत नाही. मेंदूच्या तीन तज्ज्ञांचं मंडळ बसतं आणि खेळायचं की थांबायचं ते तेच ठरवतं. आजवर त्यांनी कुणाला परत मैदानात पाठवलेलं नाही. तुझ्या नवऱ्याच्या नावावर दोनच नोंदी आहेत. एक ऑक्टोबरातली आणि एक आत्ताची. मधली जानेवारीची तपासणी 'समाधानकारक' होती, म्हणून ती मोजली जात नाही.

मॅनेजर रोज विचारतो. तीस तारखेचा सामना शेवटचा आहे. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाईल. बचावाच्या मधोमध उभं राहून येईल ते डोक्यानं परतवणारा दुसरा माणूस आमच्याकडे नाही. उगाच नाही सगळे त्याला 'भिंत' म्हणत. मॅनेजर म्हणाला, "डॉक्टर, दोनच आहेत ना? मग दोनच." मी पंचवीस तारखेपर्यंत सही केली की तो खेळणार.

आणखी एक. जानेवारीत त्यानं शब्द जरा पटकन सांगितले होते. आता विचार करताना वाटतं, जरा जास्तच पटकन. खेळाडूंच्या खोलीत ते शब्द कुणीतरी गाण्यात बसवले होते, असं कानावर आलं होतं. आलं असेल. नक्की आठवत नाही.

ताई

शुक्रवार, १४ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. एक ओळ. 'तुला किती दिवसांपासून माहीत होतं?' लहानपणी माझ्या वहीत कुठे खाडाखोड आहे हे तुला नेमकं कळायचं. आजही कळतं.

दोन वर्षांपासून.

माझ्या खोलीला लागून खेळाडूंची न्हाणीघरं आहेत, मधे पातळ भिंत. दोन वर्षांपूर्वी सरावानंतर तिकडून गाणं ऐकू आलं. सात-आठ जण मिळून, ताल धरून: 'दोरी, साबण, चमचा, ढग, गालिचा हो गालिचा.' ते माझे पाच शब्द होते. नवा खेळाडू आला की पहिल्या आठवड्यात त्याला हे गाणं शिकवतात. बुटाचा कप्पा, टॉवेलचा खिळा, मग गाणं. मी ऐकलं आणि हसले. मला वाटलं, पोरं हुशार आहेत.

तपासणीच्या पुस्तिकेत अशा सहा याद्या असतात. दर वेळी वेगळी वाचायची असते, ते याचसाठी. मी नऊ वर्षं पहिलीच वाचत आले. का, तर पहिलं पान मी प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं, पावसात भिजू नये म्हणून. हे कारण मी स्वतःला देते, आणि ते अगदीच खोटं नाही. पण दोन वर्षांपूर्वी गाणं ऐकल्यावर दुसरं पान प्लास्टिकमध्ये घालायला मला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी काढली नाहीत. पहिल्या यादीनं सगळे खूश होते. खेळाडू खूश, मॅनेजर खूश, लीगच्या नोंदी निम्म्यावर. मीही. मला कुणाला 'बाहेर हो' सांगावं लागत नव्हतं. तपासणी सगळे पास होत होते आणि तपासणी करणारीही.

आता जानेवारीचं. मी त्याला वाचून दाखवलं: चमचा, दोरी, ढग, गालिचा, साबण. पुस्तिकेतल्या क्रमानं. त्यानं परत सांगितलं: दोरी, साबण, चमचा, ढग, गालिचा. गाण्याच्या क्रमानं. धाकटे, मी ते ऐकलं. तिथे, गवतावर गुडघे टेकून, त्याचा हात हातात धरून मी ते ऐकलं. माझ्या लक्षात आलं, की हा मी वाचलेले शब्द सांगत नाहीये, हा न्हाणीघरातलं गाणं म्हणतोय. मागे मॅनेजर ओरडला, "झालं का?" आणि मी म्हणाले, "झालं."

त्यानंतर तो पन्नास मिनिटं खेळला. तुझा राग त्या पन्नास मिनिटांवर आहे. माझा त्या एका शब्दावर.

सरावाच्या त्या गुरुवारचंही अर्धंच सांगितलं होतं तुला. त्याला सरावात लागल्यावर मी घाबरून पहिल्यांदाच पुस्तिका उलटली आणि चौथी यादी वाचली. कंदील, पेरू, खिडकी, वाळू, बटण. त्यानं छाती पुढे काढली आणि शाळेतल्या हुशार मुलासारखं म्हटलं, "दोरी, साबण, चमचा, ढग, गालिचा." मग माझ्याकडे बघून हसला. बरोबर आलं ना, म्हणून. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

आता असं आहे. मी लीगला लिहून कळवलं, की जानेवारीची तपासणी खोटी होती आणि ते मला तेव्हाच कळलं होतं, तर ती नोंद बदलेल. तीन होतील. मंडळ बसेल आणि त्याचा खेळ संपेल. तेहतिसाव्या वर्षी, सात वर्षांचा असल्यापासून दुसरं काही न केलेला माणूस. त्याला चेंडूशिवाय काही येत नाही, हे लग्नाच्या वेळी मीच तुला कौतुकानं सांगितलं होतं. तुम्हा दोघांची गाठ माझ्याच खोलीत पडली, त्याच्या घोट्याला बर्फ लावत असताना. ते पाप पण माझंच.

नाही कळवलं तर मी पंचवीस तारखेला सही करणार की नाही, हे मला ठाऊक नाही. नाही केली, तर मॅनेजर दुसऱ्या डॉक्टरची आणेल. दोन नोंदींवर सही करणारे पुष्कळ आहेत.

तू त्याची बायको आहेस. तू सांग. तू म्हणशील तसं करते.

ताई

मंगळवार, १८ मार्च

धाकटे,

तुझं चार पानी पत्र सकाळी आलं. मी ते खोलीचं दार लावून वाचलं. बाहेर दोघं घोटा धरून बसले होते, त्यांना तसंच बसू दिलं.

आधी एक. मागच्या पत्रात शेवटी 'तू सांग' लिहिलं, त्यावर तू लिहिलंस, 'माझ्या खांद्यावर ठेवू नकोस.' बरोबर आहे. ते मी मुद्दाम केलं होतं. सगळा दोष लिहून झाल्यावर निर्णय तेवढा तुझ्याकडे सरकवला. लीगमध्ये राहून ही कला येते.

आता तुझं. तू लिहिलंस, की डिसेंबरात तोच तुझ्याकडे आला. नऊ वर्षं न्हाणीघरात म्हटलेलं गाणं त्याला आठवेना, मधलाच शब्द गळायचा. तो घाबरला. ताईला सांगू नकोस म्हणाला. मग तू रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर त्याच्याकडून ते घोकून घेतलंस. टोस्टला लोणी लावता लावता: दोरी, साबण. तुमची लेक, छोटी, पण टेबलाशी असायची. तिला दोन दिवसांत पाठ झालं. त्याला तीन आठवडे लागले.

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तू लिहितेस, 'म्हणून मी तुझ्यावर इतकी ओरडले, मलाच ऐकू जाऊ नये म्हणून.' अगं वेडे. तू नवऱ्याला मदत केलीस. त्याला भीती वाटत होती आणि त्यानं मदत मागितली, तू केलीस. मी डॉक्टर आहे. तुला पाच शब्द पाठ करून घ्यायचे होते. मला ते शब्द कशासाठी असतात हे माहीत होतं. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नकोस.

पण तीन आठवड्यांच्या त्या वाक्यानं माझा प्रश्न सुटला. मी जानेवारीच्या हादऱ्याचा विचार करत होते. तो ऑक्टोबरातल्या पहिल्या हादऱ्यातूनच बरा झालेला नव्हता. बारा दिवसांनी मीच त्याला परत पाठवला, पाचपैकी पाच गुण देऊन. यापुढे दोन की तीन याला काही अर्थ उरला नाही.

दुपारी लीगच्या कार्यालयात गेले. निवेदन आधीच टाइप केलं होतं, एकच पान. सुरक्षा अधिकाऱ्यांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. दार लावून घेतलं. माझ्यासाठी कॉफी मागवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

म्हणाले, "मॅडम, 'हे मला तेव्हाच कळले होते' या वाक्याची गरज आहे का?"

"मग काय लिहू?"

"'आता लक्षात येते आहे की.' तुमचा परवाना वाचेल. लीगलाही बरं. अर्थात फार फरक पडत नाही."

"पडत नसेल तर राहू द्या तसंच."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, की बाकीच्या क्लबमध्येही पहिलीच यादी वाचतात का. मी म्हटलं, गाणी वेगवेगळी असतील. त्यांना हसू आलं नाही. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा इस्त्रीशिवाय बघितला. साधा, दमलेला माणूस आहे. त्यांनी पोच दिली, शिक्का मारला, वेळ घातली.

निवेदनात तुझ्या नाश्त्याच्या टेबलाबद्दल अक्षरही नाही. मंडळानं विचारलं तरी सांगणार नाही. नऊ वर्षं लीगसाठी गाळत आले, एकदा तुझ्यासाठी गाळते.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. मंडळाकडून कळायच्या आधी सांगायला हवं. उद्या जाते.

ताई

मंगळवार, २५ मार्च

धाकटे,

आज सहीचा दिवस होता. सही करायला मी क्लबमध्ये नाही. क्लबनं मला शुक्रवारी संध्याकाळीच सुट्टीवर पाठवलं, त्यांच्या पत्रकात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलंय. माझ्या परवान्याची सुनावणी पुढच्या महिन्यात. नव्या डॉक्टरांना मी किल्ली दिली आणि कपाटातली पुस्तिका दाखवली. सहाही याद्या. ते म्हणाले, "पहिलं पान छान जपलंय."

मंडळाचा निर्णय शुक्रवारी दुपारी आला, तो तुला कळलाच आहे. यापुढे व्यावसायिक फुटबॉल नाही. सरावही नाही. तीन तज्ज्ञांपैकी सगळ्यात वयस्कर होते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आत्ता थांबला तर बरंच परत येईल. किती, ते सांगता येणार नाही. आणखी एक हादरा बसला असता तर ही चर्चाच उरली नसती.

बुधवारी मी त्याला सांगायला गेले होते, ते लिहायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, टाळलं. दार उघडं ठेवून तो ऐकत उभा होता, मी बोलले, त्यानं दार लावलं. एवढंच.

तो शनिवारी माझ्या घरी आला. चालत. मी कपाट आवरत होते. न विचारता खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसला. नऊ वर्षं तो मला ताई म्हणत आला, लग्नाच्या आधीपासून, सगळा संघ डॉक्टर म्हणायचा तेव्हाही. शनिवारी त्यानं पहिल्यांदा डॉक्टर म्हटलं.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानं एकेक सांगितलं. की तीस तारखेला संघ त्याच्याशिवाय मैदानात जाईल आणि हरेल. की क्लब खाली गेला तर खोलीतले निम्मे जण रस्त्यावर येतील, आणि ते त्याच्या नावानं खडे फोडतील. की सगळा संघ तेच गाणं म्हणत होता, मग एकट्यालाच का. मी खरं तेच सांगितलं, की दुसरं कुणी माझ्या बहिणीच्या मांडीवर ओकलं नव्हतं, आणि हे कारण डॉक्टरचं नाही, हेही मला कळतं. तो म्हणाला, "तेच. तुम्ही डॉक्टर तेव्हा व्हायचं होतं. आता कशाला झालात?"

मग उठला. दारात थांबला. म्हणाला, "तुम्ही माझ्याशी जे केलंत ना डॉक्टर, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

आई म्हणाली, तो रविवारपासून तिथेच आहे. तू त्याला घरात घेतलंस. छोटी त्याच्या पाठीवर बसते, आई त्याला अंडी खाऊ घालते आणि माझं नाव काढलं की तो उठून बाहेर जातो. आईला वाईट वाटतं. ती म्हणते, मी समजावते त्याला, किती झालं तरी ताई आहे, त्याच्या रक्ताची नसली म्हणून काय झालं. तिला तेवढं करू देऊ नकोस.

आणि तू माझं एक काम कर. डॉक्टर म्हणून शेवटचं सांगतेय, परवाना आहे तोवर. अधूनमधून, महिन्या-दोन महिन्यांनी, सहज विषय काढ. ताईवर का रागावला आहेस, म्हणून विचार. त्याला सगळं सांगू दे. कोणता वार होता, तो कोणत्या खुर्चीत बसला, मी काय आवरत होते, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले. शिव्या द्यायच्या असतील तर देऊ दे, मोजून घे, कमी पडल्या तर मला कळव. वर्षानं विचार. पाच वर्षांनी विचार. मधे पडू नकोस, समेट घडवू नकोस, सणावाराला आम्हाला एका टेबलावर बसवायचा घाट घालू नकोस.

आणि कधी असं झालं, की मी आईकडे आले आणि त्यानंच दार उघडलं, आणि मला बघून त्याच्या तोंडावर हसू आलं आणि तो म्हणाला, "अरे ताई, या ना, किती दिवसांनी," तर हरखून जाऊ नकोस. आत येऊन चप्पल काढायलाही मला सांगू नकोस. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.

ताई